एडिटर नेमका कुठे उभा आहे? वर्किंग डिरेक्टरीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगलीत विश्रामबागेला आमचा प्रोग्रॅमिंगचा क्लास चालतो. मार्केट यार्डातल्या काही पेढ्यांना हळदीच्या आणि बेदाण्याच्या पट्ट्यांसाठी छोट्या स्क्रिप्टाही आम्ही लिहून दिल्या आहेत. दोन्हीकडून एकच तक्रार येते: "फाइल आहे, पण सापडत नाही." बहुतेक वेळा फाइल जागेवरच असते, एडिटर (कोड लिहायचा प्रोग्रॅम: विम, ईमॅक्स, व्हीएस कोड वगैरे) भलत्या फोल्डरात उभा असतो. फोनवर तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा लिहून ठेवलेलं बरं, म्हणून हे पान.

कमांडी इथे तोंडाने म्हणतो तशा देवनागरीत लिहिल्या आहेत. टाइप करताना अर्थातच रोमन लहान अक्षरं वापरायची.

वर्किंग डिरेक्टरी म्हणजे नेमकं काय?

चालू असलेल्या प्रत्येक प्रोग्रॅमसाठी ऑपरेटिंग सिस्टिम एक फोल्डर लक्षात ठेवते. तुम्ही पूर्ण पाथ, म्हणजे फाइलचा मुळापासूनचा सगळा पत्ता, न देता नुसतं "पातळी.सीएसव्ही" असं नाव दिलं, की ती फाइल त्या फोल्डरात शोधली जाते. राजवाडा चौकात उभं राहून "दुसरी गल्ली डावीकडे" म्हटलं तर एक घर येतं, विश्रामबाग चौकात उभं राहून तेच म्हटलं तर दुसरं. पूर्ण पाथ दिला, तर तुम्ही कुठे उभे आहात याला काही अर्थ उरत नाही.

हा फोल्डर प्रत्येक प्रोसेसचा, म्हणजे प्रत्येक चालू प्रोग्रॅमचा, स्वतःचा असतो. नवी प्रोसेस सुरू होताना तो तिला सहसा सुरू करणाऱ्याकडून मिळतो, पण नंतर तिने बदलला तरी सुरू करणाऱ्याचा बदलत नाही. म्हणूनच विममध्ये फोल्डर बदलून बाहेर पडलात तरी टर्मिनल (कमांडी टाइप करायची खिडकी) जिथे होतं तिथेच राहतं. "विममधून बाहेर आलो की परत जुन्याच फोल्डरात जातो" ही तक्रार घेऊन येणाऱ्यांना एवढंच उत्तर आहे: टर्मिनल तिथून कधी हललंच नव्हतं.

आणि सगळ्यात जास्त गोंधळ ज्याने होतो ते: फाइल ज्या फोल्डरात आहे तो फोल्डर वेगळा आणि वर्किंग डिरेक्टरी वेगळी. कधी दोन्ही एकच असतात, कधी नसतात. ज्यांचं काम आजवर एकाच फोल्डरात चाललं, त्यांना हा फरक असल्याचंच माहीत नसतं.

सर, फाइल डावीकडच्या यादीत समोर दिसतेय, तरी पायथन म्हणतं फाइल नाही. असं कसं?

हा प्रश्न दर बॅचला येतो, म्हणून जरा सविस्तर.

समजा तुमच्याकडे "कृष्णा" नावाचा फोल्डर आहे, त्यात "कोड" नावाचा फोल्डर, आणि त्यात तुमची स्क्रिप्ट व पातळी.सीएसव्ही ही फाइल. स्क्रिप्ट आयर्विन पुलाजवळच्या पाण्याचे आकडे वाचते, पातळी ४० फुटांवर गेली की "इशारा" छापते आणि ४५ फुटांवर "धोका". व्हीएस कोडमध्ये तुम्ही "कृष्णा" फोल्डर उघडलात आणि वरचं रन बटण दाबलंत. टर्मिनल "कृष्णा"मध्ये उघडतं, स्क्रिप्ट तिथून चालते, आणि पातळी.सीएसव्ही ही फाइल "कृष्णा"मध्ये शोधली जाते. ती "कोड"मध्ये आहे. एरर बरोबर आहे.

आधी खात्री करा. स्क्रिप्टच्या पहिल्याच ओळीत ओएस डॉट गेटसीडब्ल्यूडी (हे वर्किंग डिरेक्टरी सांगतं) छापून बघा. अंदाज बांधत बसण्यात वेळ जातो, ही एक ओळ लिहायला काहीच लागत नाही. मग तीन वाटा आहेत.

पहिली, टर्मिनलमध्ये सीडी (फोल्डर बदलायची कमांड) करून "कोड"मध्ये जाऊन स्क्रिप्ट हाताने चालवायची. आजच्यापुरतं काम होतं. दुसरी, व्हीएस कोडच्या सेटिंगमध्ये पायथनखाली "एक्झिक्यूट इन फाइल डिर" आहे, ते चालू करायचं. मग स्क्रिप्ट तिच्या स्वतःच्या फोल्डरातून चालते. तिसरी, आणि आम्ही मुलांना हीच लावतो: स्क्रिप्टने स्वतःचा पत्ता स्वतः काढायचा. पाथलिबमधला पाथ घ्या, त्याला दोन-दोन अंडरस्कोअरमधलं "फाइल" द्या, रिझॉल्व्ह करा, त्याचं पेरेंट घ्या आणि त्याला फाइलचं नाव जोडा. आता ती स्क्रिप्ट व्हीएस कोडमधून चालवा, विममधून चालवा, नाही तर रात्री टास्क शेड्युलरमधून, डेटा सापडणारच. सेटिंग तुमच्या मशीनवर राहतं, कोड मात्र दुसऱ्याच्या मशीनवरही जातो.

एरर येत नाही, पण आकडे जुने दिसतात. हाही त्यातलाच प्रकार का?

हो, आणि हा जास्त घातक. एरर आली तर निदान कळतं तरी. वरच्याच उदाहरणात बाहेरच्या "कृष्णा" फोल्डरात मागच्या वर्षीची पातळी.सीएसव्ही कोणी ठेवून दिली असेल, तर स्क्रिप्ट ती निमूटपणे वाचेल आणि मागच्या वर्षीचा इशारा छापेल.

लिहितानाही तसंच. फाइल लिहिण्यासाठी उघडली आणि ती नसली, तर नवी तयार होते. मग एक अहवाल "कृष्णा"मध्ये, दुसरा "कोड"मध्ये, आणि तुम्ही जुना उघडून "बदल होतच नाहीत" म्हणत बसता. विममध्ये :डब्ल्यू देऊन नुसतं नाव दिलंत, तर तीही फाइल वर्किंग डिरेक्टरीत जाते, समोर उघडलेल्या फाइलच्या शेजारी नाही. फाइल गायब झाली असं वाटलं, की सर्चमध्ये नाव टाकून एकाच नावाच्या किती फाइली निघतात ते आधी बघा.

आत्ता एडिटर कुठे आहे हे कसं बघायचं?

विममध्ये :पीडब्ल्यूडी. बांधकाम खात्याशी संबंध नाही. नव्या विममध्ये त्याआधी व्हर्बोज लावलं, म्हणजे :व्हर्बोज पीडब्ल्यूडी, तर हा फोल्डर सगळ्यांचा आहे, या टॅबपुरता आहे की या विंडोपुरता (म्हणजे टॅबमधल्या एका कप्प्यापुरता), तेही कळतं. ईमॅक्समध्ये मेटा-एक्स (बहुतेक कीबोर्डवर ऑल्ट आणि एक्स) पीडब्ल्यूडी. व्हीएस कोडमध्ये आतलं टर्मिनल उघडा, प्रॉम्प्टवरच दिसतं.

विंडोच्या वरच्या पट्टीवर दिसणारा पाथ बघून ठरवू नका. तो उघडलेल्या फाइलचा असतो.

एडिटर सुरू होताना कुठला फोल्डर धरतो?

टर्मिनलमधून सुरू केलात तर टर्मिनल जिथे होतं तो. म्हणून आमचा आग्रह असतो की आधी प्रोजेक्टच्या फोल्डरात जा आणि तिथूनच विम, किंवा व्हीएस कोडसाठी "कोड" ही कमांड आणि पुढे एक टिंब द्या. निम्मे प्रश्न इथेच संपतात.

आयकॉनवरून सुरू केलात तर भरवसा नाही. विंडोजमध्ये शॉर्टकटवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडा. तिथे "स्टार्ट इन" नावाचा रकाना असतो, तो फोल्डर धरला जातो. पेढीवरच्या कॉम्प्युटरला आम्ही तेच करतो: डेस्कटॉपवर प्रत्येक कामाचा वेगळा शॉर्टकट आणि प्रत्येकाच्या "स्टार्ट इन"मध्ये त्या कामाचा फोल्डर. मुनीमजींना वर्किंग डिरेक्टरी हा शब्द शिकवण्याची गरज पडत नाही. मॅकवर डॉकमधून उघडलेला प्रोग्रॅम सहसा थेट रूटवर, म्हणजे नुसत्या तिरक्या रेघेवर उभा असतो.

विममध्ये सीडी, एलसीडी आणि टीसीडी, एवढ्या कमांडी कशाला?

कारण विमची एक खिडकी म्हणजे एक काम असं नसतं. एका टॅबमध्ये क्लासचा प्रोजेक्ट, दुसऱ्यात पेढीची स्क्रिप्ट, आणि कुठेतरी कोपऱ्यात स्वतःची विमआरसी (विमची सेटिंग फाइल) उघडी.

:सीडी सगळ्यांसाठी फोल्डर बदलते. :टीसीडी फक्त चालू टॅबसाठी, :एलसीडी फक्त चालू विंडोसाठी. जिने स्वतःचा फोल्डर धरलेला नाही ती विंडो टॅबचा मानते. टॅबलाही नसेल तर सगळ्यांचा. ज्या विंडोने एलसीडी केलं आहे तिच्यातून स्प्लिट केलं, तर नवी विंडो तोच फोल्डर घेऊन जन्माला येते.

आमचं मत विचाराल तर टीसीडी. एक टॅब, एक प्रोजेक्ट, टॅब उघडल्या उघडल्या टीसीडी, संपलं. एलसीडी वापरायला हरकत नाही, पण दहा विंडोंपैकी कुठल्या तिघींनी काय धरलंय हे तासाभराने आठवत नाही. टीसीडी निओविममध्ये (विमपासून निघालेला वेगळा एडिटर) आधी आली आणि विममध्ये ८.१च्या काळात, त्याहून जुनं विम असेल तर ती कमांड मिळणार नाही.

समोर उघडलेल्या फाइलच्याच फोल्डरात जायचंय. पाथ टाइप करावा लागेल?

नाही. विममध्ये टक्का म्हणजे चालू फाइलचं नाव. त्याला :पी लावलं की पूर्ण पाथ, आणि पुढे :एच लावलं की शेवटचं नाव गळून फोल्डर उरतो. म्हणून :एलसीडी %:पी:एच. हीच कमांड एखाद्या कीवर बांधून ठेवा, रोज लागते.

मागच्या फोल्डरात परतायचं असेल तर :सीडी देऊन स्पेस आणि एक आडवी रेघ. नुसती :सीडी मात्र जपून: लिनक्सवर ती तुम्हाला होम फोल्डरात नेते, आणि विंडोजवरच्या विममध्ये एरवी फक्त चालू फोल्डर दाखवते. क्लासात लिनक्स आणि घरी विंडोज असलेल्यांची इथे हमखास फसगत होते.

एलसीडी केलेलं रद्द कसं करायचं?

त्यासाठी वेगळी कमांड नाही. त्या विंडोत :सीडी करून एखादा फोल्डर द्या. विंडो आपला धरलेला फोल्डर विसरते. लक्षात घ्या, ही सीडी आहे, म्हणजे ज्यांनी स्वतःचा फोल्डर धरलेला नाही त्या बाकीच्या विंडोही तिकडेच जातील. हेच :टीसीडी दिलं तरीही विंडोचा धरलेला फोल्डर सुटतो, आणि मग फक्त टॅबच हलतो.

ऑटोचडीर चालू केलं की सगळं आपोआप होतं असं ऐकलंय. करू का?

करू नका.

ऑटोचडीर चालू असलं की तुम्ही जी फाइल समोर आणाल तिच्या फोल्डरात विम स्वतःहून जातं. पहिले काही दिवस फार सोयीचं वाटतं. मग एके दिवशी तुम्ही आतल्या फोल्डरातली फाइल उघडून :मेक (बिल्ड करायची, म्हणजे प्रोग्रॅम बांधायची कमांड) देता, आणि मेकफाइल (त्या बांधणीच्या सूचनांची फाइल) सापडत नाही, कारण ती वर प्रोजेक्टच्या मुळाशी आहे. ग्रेप (फाइलींमध्ये शब्द शोधणारी कमांड) फक्त त्या एका फोल्डरात शोधतं आणि तुम्हाला वाटतं की ते फंक्शन दुसरीकडे कुठे वापरलेलंच नाही. काही प्लगइन तर फोल्डर जागेवर राहील हे गृहीत धरूनच लिहिलेले असतात. विमच्या स्वतःच्या मदतपानातच इशारा आहे की या ऑप्शनमुळे काही प्लगइन चालणार नाहीत.

प्रोजेक्ट म्हणजे एका मुळाखाली पसरलेलं काम, आणि बिल्ड, शोध, गिट (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारा प्रोग्रॅम) हे सगळं त्या मुळावरून चालतं. एडिटरने तिथेच उभं राहावं. शेजारची फाइल उघडायला तुम्हाला तिथे जाऊन राहायची गरज नाही, कमांड ओळीवर %:एच लिहिलं की झालं.

एक अपवाद मान्य आहे. डीटीपीवाले किंवा टिपणं लिहिणारे, ज्यांची प्रत्येक फाइल सुटी असते आणि बिल्ड वगैरे भानगड नसते, त्यांनी खुशाल चालू करावं.

:फाइंड आणि जीएफ कधी फाइल शोधतात, कधी नाही. काय नियम आहे?

:फाइंड दिलेल्या नावाची फाइल उघडते, जीएफ कर्सरखालच्या नावाची. दोन्हींचा नियम विमच्या "पाथ" या ऑप्शनमध्ये आहे, आणि त्यातली एक खोच नीट समजून घ्या. टर्मिनलमध्ये एकटं टिंब म्हणजे चालू फोल्डर. विमच्या पाथ ऑप्शनमध्ये टिंब म्हणजे समोरच्या फाइलचा फोल्डर. तिथे वर्किंग डिरेक्टरी हवी असेल तर दोन स्वल्पविरामांमध्ये काहीच लिहायचं नाही. ती रिकामी जागा म्हणजेच वर्किंग डिरेक्टरी. दोन्ही हव्या असतील तर दोन्ही ठेवा. आतल्या सगळ्या फोल्डरांत शोधायचं असेल तर दोन तारे जोडा, पण हे होम फोल्डरात उभं राहून करू नका. सगळी डिस्क चाळत बसेल.

टॅग्जचंही (कुठलं फंक्शन कुठल्या फाइलीत आहे याची यादी) तसंच. टिंब, तिरकी रेघ आणि टॅग्ज असं लिहिलं तर फाइलच्या फोल्डरातली टॅग फाइल. नुसतं टॅग्ज लिहिलं तर वर्किंग डिरेक्टरीतली. शेवटी अर्धविराम लावला की तिथून एकेक पायरी वर चढत शोधतं, आणि प्रोजेक्टच्या मुळाशी ठेवलेली टॅग फाइल कुठूनही मिळते.

विमच्या आतल्या फाइल यादीत फिरलो, तरी पीडब्ल्यूडी तेच. बिघडलंय का?

नाही. नेटआरडब्ल्यू, म्हणजे विममधली ही फाइलींची यादी, मुद्दामच वर्किंग डिरेक्टरीला हात लावत नाही. तिच्या कीपडिर या व्हेरिएबलला शून्य दिलं तर यादीबरोबर फोल्डरही हलतो. आम्ही देत नाही.

ईमॅक्सवाल्यांनी काय करायचं?

ईमॅक्समध्ये मुळातच विचार वेगळा आहे. तिथे प्रत्येक बफरला (उघडलेल्या प्रत्येक मजकुराला) स्वतःची डिफॉल्ट डिरेक्टरी असते, आणि फाइलच्या बफरसाठी ती सहसा त्या फाइलचाच फोल्डर असते. मेटा-एक्स सीडी केलंत तरी त्या बफरपुरतंच बदलतं. म्हणजे ऑटोचडीरबद्दल वर जे रडगाणं गायलं ते ईमॅक्समध्ये जन्मजात आहे: आतल्या फाइलवरून मेटा-एक्स कंपाइल दिलं की मेकफाइल सापडत नाही.

त्याचं उत्तर प्रोजेक्टच्या कमांडींमध्ये आहे. कंट्रोल-एक्स पी सी दिलं की कंपाइल प्रोजेक्टच्या मुळावरून चालतं, कंट्रोल-एक्स पी एफने प्रोजेक्टमधली कुठलीही फाइल उघडते. गिट वापरत असाल तर मूळ कुठलं ते ईमॅक्स स्वतः ओळखतं.

व्हीएस कोडमध्ये टर्मिनल होम फोल्डरातच उघडतं. का?

तुम्ही फाइल उघडली आहे, फोल्डर उघडलेला नाही. "ओपन फोल्डर" करा, मग टर्मिनल त्या फोल्डरात उघडेल. एखाद्या आतल्या फोल्डरात तात्पुरतं टर्मिनल हवं असेल तर यादीत त्यावर राइट क्लिक करून "ओपन इन इंटिग्रेटेड टर्मिनल". नेहमीसाठी वेगळी जागा हवी असेल तर सेटिंगमध्ये टर्मिनल डॉट इंटिग्रेटेड डॉट सीडब्ल्यूडी शोधा.

डीबगरचा (चुका शोधायला कोड थांबवत थांबवत चालवणारं साधन) हिशेब मात्र वेगळा. त्याचा फोल्डर लाँच फाइलमधल्या सीडब्ल्यूडी या नोंदीवरून ठरतो. टर्मिनलमधून चालणारी स्क्रिप्ट डीबगरमध्ये फाइल नाही म्हणत असेल, तर ती नोंद बघा.

नोटपॅड प्लस प्लसमध्ये "ओपन" दाबलं की भलताच फोल्डर येतो.

प्रेफरन्सेसमध्ये "डिफॉल्ट डिरेक्टरी" आहे. चालू फाइलच्या मागे जा, शेवटचा वापरलेला लक्षात ठेव, किंवा कायम हा एकच, असे तीन पर्याय. पेढीवर तिसरा ठेवा.

कमांड प्रॉम्प्टमध्ये डी ड्राइव्हचा पाथ देऊन सीडी केलं, काहीच झालं नाही!

विंडोजचा कमांड प्रॉम्प्ट प्रत्येक ड्राइव्हसाठी वेगळा चालू फोल्डर लक्षात ठेवतो. तुम्ही डीचा फोल्डर बदललात, पण स्वतः सीवरच राहिलात. सीडीनंतर तिरकी रेघ आणि डी जोडा, म्हणजे सीडी /डी, आणि मग पाथ. पॉवरशेलमध्ये हा त्रास नाही.

हळदीच्या पट्ट्या सर्व्हरच्या शेअर फोल्डरात आहेत. तिथून बॅच फाइल चालवली की ती विंडोजच्या फोल्डरात जाऊन काम करते.

दोन उलट्या तिरक्या रेघांनी सुरू होणारा नेटवर्क पाथ कमांड प्रॉम्प्टला चालू फोल्डर म्हणून चालत नाही. तो एक सूचना छापतो, जी कोणी वाचत नाही, आणि विंडोजच्या फोल्डरात जाऊन उभा राहतो. पुढचं सगळं मग तिथे शोधलं जातं.

शेअर फोल्डरला एक ड्राइव्ह अक्षर द्या, किंवा बॅच फाइलच्या सुरुवातीला सीडीऐवजी पुशडी वापरा. पुशडी त्या शेअरला तात्पुरतं अक्षर देते, आणि शेवटी पॉपडी दिलं की ते काढून घेते. सौद्याच्या दिवशी भर गर्दीत हे शोधत बसण्यापेक्षा आधीच करून ठेवा.

फोल्डरला मराठी नाव दिलं तर चालतं का?

आजच्या सिस्टिमवर चालतं, पण एक गंमत आहे. कऱ्हाडच्या व्यापाऱ्यांचा फोल्डर घ्या. "कऱ्हाड"मधला अर्धा र दोन तऱ्हांनी टाइप होतो: नुक्त्याचा ऱ घेऊन, किंवा साध्या र ला हलंत आणि त्यापुढे न दिसणारं जोडचिन्ह देऊन. डोळ्यांना दोन्ही सारखे, कॉम्प्युटरला दोन वेगळी नावं. एका कीबोर्डवर बनवलेला फोल्डर दुसऱ्या कीबोर्डवरून नाव टाइप करून उघडायला गेलात, तर "असा फोल्डर नाही". वर नुक्त्याचा ऱ एकच अक्षर म्हणून साठवता येतो किंवा र आणि नुक्ता असा सुटाही. अशी नावं टाइप करू नका; टॅब दाबून पूर्ण करून घ्या किंवा कॉपी करा.

नावातल्या मोकळ्या जागेचा त्रास त्याहून जुना. टर्मिनलमध्ये पाथ अवतरणचिन्हांत घालून निभावतं, पण मेकला अशी नावं नीट पचत नाहीत. कोडच्या फोल्डराला जागा न सोडता रोमन नाव द्या, बाकी फोल्डरांना हवं ते.

पेन ड्राइव्ह काढायला गेलं की "वापरात आहे" म्हणतं. सगळ्या फाइली तर बंद केल्या.

फाइली बंद केल्यात, पण एखादं टर्मिनल किंवा एडिटर अजून त्या ड्राइव्हवरच्या फोल्डरात उभा आहे. विंडोज कुठल्याही प्रोसेसची वर्किंग डिरेक्टरी असलेला फोल्डर पुसू देत नाही, त्याचं नाव बदलू देत नाही, आणि ड्राइव्हही सोडत नाही. लिनक्स फोल्डर पुसू देतं, पण मग तिथे उभ्या असलेल्या टर्मिनलला आपण कुठे आहोत हेच सांगता येत नाही. पेन ड्राइव्ह अनमाउंट करताना मात्र तेही अडतं. दोन्हीकडे उपाय एकच: उघड्या टर्मिनलांत आणि एडिटरांत सीडी करून दुसऱ्या फोल्डरात जा, किंवा ते बंद करा, आणि मग ड्राइव्ह काढा.